सटवाईचा कागद

चला, सरका जवळ. उश्या ठेवा बाजूला, आज झोपायची रात्र नाही. ताईच्या बाळाला पाच दिवस झाले, म्हणजे आज पाचवी. आत बायकांनी पाटा-वरवंटा धुऊन मांडलाय, हळदकुंकू वाहिलंय, शेजारी विळा ठेवलाय आणि एक कोरा कागद. आमच्या लहानपणी कागदाजवळ बोरू आणि दौत असायची. आता ताईच्या नवऱ्यानं खिशातला बॉलपेन काढून दिला. सटवाईला चालतो म्हणे.

"आजोबा, सटवाई खरंच लिहिते?"

मध्यरात्री येते, बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते आणि जाते, असं म्हणतात. मी जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण तिचं अक्षर मला अजून लागलेलं नाही. हसू नका, आजी ऐकेल. आणि मी पूजेची थट्टा करत नाहीये. ही पूजा भीतीतून आली आणि ती भीती खरी होती.

माझ्या पाठीवर आईला एक मुलगा झाला होता. मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. पाचवी झाली, घुगऱ्या वाटल्या. सातव्या दिवशी सकाळी आईनं त्याला पाजायला घेतलं तर तो तोंडच उघडेना. भूक होती, रडू येत होतं, पण जबडा आवळलेला. संध्याकाळपर्यंत सगळं अंग लाकडासारखं ताठ. कुणी भांडं आपटलं, दार लावलं की एवढंसं शरीर कमानीसारखं वाकायचं. आठव्या दिवशी गेला. माझी आजी एवढंच म्हणाली, "सटवीनं नेला." आई काही बोललीच नाही. त्याचं नाव ठेवायचंही राहिलं होतं.

ती सटवी कोण होती, हे मला पुढं डी.एड.ला गेल्यावर पुस्तकात कळलं. तिचं घर आमच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात होतं.

ऐका. माती आणि शेण यांत एक जिवाणू असतो. गाई-घोड्यांच्या आतड्यात तो सुखानं राहतो, त्यांना काही करत नाही. शेणाबरोबर बाहेर पडला की त्याला वारा सोसत नाही. वाऱ्यातला ऑक्सिजन म्हणजे त्याला विष. मग तो काय करतो? कासवासारखा अंग चोरतो. आपल्याभोवती जाड कवच बांधतो आणि झोपतो. या झोपलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो ढोल वाजवायच्या टिपरीसारखा दिसतो, एका टोकाला गाठ असलेला. ऊन खातो, दुष्काळ खातो, वर्षानुवर्षं पडून राहतो. पाण्याला नुसती उकळी आणली तरी मरेलच असं नाही. तो वाट बघतो ती अशा जागेची, जिथं ऊब आहे, ओल आहे आणि वारा नाही.

आता तो विळा बघा, पाट्याजवळ ठेवलेला. त्याच विळ्यानं तेव्हा नाळ कापायचे. सकाळी कडबा कापलेला, दुपारी नाळ. मग बेंबीवर राख, कुणाकडं शेण. हातून वाईट व्हावं असं कुणाच्याच मनात नसायचं. शेणानं सारवलेली जमीन स्वच्छ, तर शेणही स्वच्छ, असा साधा हिशोब. आणि सुकत चाललेल्या नाळेच्या त्या तुकड्यात आमच्या उकिरड्यातल्या पाहुण्याला हवं ते सगळं मिळायचं. ऊब, ओल, आणि वारा नाही. तो जागा व्हायचा.

जागा झाल्यावर तो फार फिरत नाही. बेंबीतच बसून विष गाळतो. ते विष नसांच्या दोऱ्यांवरून चढत पाठीच्या कण्यात जातं. तिथं आपल्या स्नायूंचे ब्रेक असतात. हात वाकवताना पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागच्याला कुणीतरी 'तू सैल हो' म्हणून सांगतं. हे सांगणाऱ्याचंच तोंड ते विष बंद करतं. मग सगळे स्नायू एकदम आवळतात. आधी जबडा, मग पाठ. शरीर धनुष्यासारखं होतं, म्हणून धनुर्वात. हे सगळं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे पाचवी होते, सगळे निर्धास्त होतात, आणि मग ती येते. लोकांनी सटवाईवर आळ घेतला यात नवल काय? वेळ तर तिचीच होती.

"मग ताईचं बाळ?"

तिच्या बाळाला ती भीती नाही. ताईला गरोदरपणात दंडावर दोन सुया टोचल्या होत्या, आठवतं? तू घाबरून पळाली होतीस. त्या लशीनं ताईच्या रक्तात त्या विषाविरुद्धचे पहारेकरी तयार झाले. पोटातल्या बाळाला आईकडून नुसतं अन्न जात नाही, हे पहारेकरीसुद्धा वारेतून जातात. म्हणजे बाळ जन्माला येतं तेच शिदोरी बांधून. वर दवाखान्यात नवं पातं, निर्जंतुक दोरा, धुतलेले हात. बेंबीला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

जीव तोच आहे बरं का. आत्ता या क्षणी आपल्या उकिरड्यात तो कवच घालून पडलाय. आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाला असं २०१५ साली मान्य झालं, पण मुक्त म्हणजे हा जीव संपला असं नाही. मातीतून तो कधीच जाणार नाही. त्याची फक्त वाट बंद केली. रोगाला पाय नसतात रे, त्याला वाट लागते. ही वाट कुठून जाते ते हुडकणं, हेच तर सगळं काम.

चहा आलाय, घ्या. तुम्हाला दूध आहे.

माझ्या आजीला नऊ मुलं झाली, चार जगली. ती हे असं सांगायची की जणू नऊ पेंढ्या बांधल्या आणि पाच वाऱ्यानं नेल्या. तिच्या तरुणपणी, १९१८ साली, मानमोडीची साथ आली होती. इन्फ्लुएंझा. मान मोडून माणूस पडायचा म्हणून मानमोडी. हिंदुस्थानात त्या साथीत कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं एवढंच एक दशक.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्यावरचा भोर समितीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की जन्माला आलेल्या हजार मुलांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसाआधी जातात आणि माणसाचं सरासरी आयुष्य २७ वर्षांच्या आसपास आहे. इथं एक गंमत समजून घ्या. सरासरी २७ म्हणजे माणसं सत्ताविशीत म्हातारी होत होती असं नाही. माझी आजी ऐंशी ओलांडून गेली. पण तिच्या ऐंशीच्या शेजारी माझ्या भावाचे आठ दिवस मांडा आणि काढा सरासरी. देशाचं आयुष्य तान्ह्या बाळांनी खाली ओढलं होतं. आता ते सत्तरीपर्यंत आलंय, ते म्हातारे जास्त जगायला लागले म्हणून थोडं, आणि पाळणे रिकामे होईनात म्हणून बरंचसं.

आपल्या जामखेडकडं १९७० सालीसुद्धा हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. भोर समितीच्या आकड्याच्याही पुढं. देश स्वतंत्र होऊन तेवीस वर्षं झाली होती, पण इकडं ती बातमी यायची होती.

त्या साली इथं दोन डॉक्टर आले. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे, नवरा-बायको. आरोळे आपल्या नगर जिल्ह्यातलेच. दोघं वेल्लोरला शिकलेले, आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलेले. तिथं त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. मूल बरं करून घरी पाठवावं, तर थोड्या दिवसांनी तेच मूल त्याच दुखण्यानं परत. घरून जी वाट दवाखान्यात येत होती ती वाहतीच होती. ते अमेरिकेत जाऊन पुढचं शिकले आणि मोठ्या शहरात पाटी लावायची सोडून जामखेडला आले. इथं त्यांना जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, मिलोची लाल भाकरी. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि न उतरवून चालायचंही नाही. आरोळ्यांनी ओळखलं की या माणसांना आधी औषध नको, अन्न आणि पाणी हवंय. पोरांना शिजवून घालायची व्यवस्था उभी राहिली, गावोगाव बोअर घेतले. आणि बोअर कुठं घ्यायचे, तर दलित वस्तीत. पाणी तिथं लागलं की सगळ्या गावाला घागर घेऊन तिकडंच जायला लागलं. जातीवर भाषण झालं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवून घरची वाट धरली असती. तहानेनं ते काम मुकाट केलं. सगळं केलं असं नाही म्हणत मी, अजूनही सगळं झालेलं नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. त्यांनी गावात नर्स ठेवायच्या ठरवल्या. शिकलेल्या मुली, त्या खेड्यात राहीनात. एकटी पोरगी, ना ओळख ना पाळख, राहणार कशी? आणि तिचं बोलणं गावातल्या बाईला पटेना. तेव्हा असं ठरलं की गावानंच आपली बाई निवडावी. कोण निवडल्या? बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या. कित्येक दलित वस्तीतल्या, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं त्या.

मी मास्तर होतो, मला हे ऐकून हसू आलं होतं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मला पोरांना पाढे शिकवताना नाकी नऊ येतात, या बायकांना वैद्यकी कोण शिकवणार? त्या आठवड्याला जामखेडला मुक्कामाला जायच्या, एका पंगतीत जेवायच्या, शिकायच्या आणि परत येऊन गावाला शिकवायच्या. आमच्या गावची बाई माझ्याच वर्गातल्या पोराची आई होती. ती बाळाचं वजन करायला शिकली, गरोदर बाईच्या पापण्या ओढून रक्त कमी आहे का बघायला शिकली, नाळ कशानं कापायची ते शिकली. आणि मुख्य म्हणजे, नाळेला शेण लावू नका हे तिनं सांगितलं तर बायका ऐकायच्या. मी सांगितलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. तिनं स्वतःचं एक मूल त्याच सटवीपायी घालवलं होतं. ती काय बोलते ते त्यांना कळत होतं.

जामखेडच्या नोंदी बघा. त्या १७६चे विसावं शतक संपता संपता पंचविशीच्या आसपास आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी स्वतः उभारलेल्या आरोग्यकामांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-आट्याला जगातले देश जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, तेव्हा दाखल्याला जामखेड होतंच. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं. पुढं २००५ साली सरकारनं गावोगाव आशा सेविका नेमल्या. आपल्याकडं काल वजनकाटा घेऊन आली होती ना, ती. तिची मूळ आजी इथलीच म्हणायला हरकत नाही. मानधनासाठी तिला अजून मोर्चे काढावे लागतात, ही मात्र मला न पटलेली गोष्ट.

"आजोबा, त्या बाईंनी औषध कोणतं दिलं?"

सगळ्यात भारी औषध विचारतोस? तुझ्या आजीच्या मिसळणाच्या डब्याशेजारी आहे. मीठ आणि साखर.

पूर्वी पटकी यायची. कॉलरा. भांड्याला भोक पडावं तसं माणसातलं पाणी निघून जायचं, सकाळी धडधाकट असलेला संध्याकाळी डोळे खोल जाऊन पडलेला. लोक म्हणायचे मरीआई कोपली. मग तिचा गाडा काढायचे, वाजतगाजत गावच्या शिवेपर्यंत ढकलत न्यायचे आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचे. ते गाव पुढं ढकलायचं. म्हणजे बघा, रोग गावोगाव फिरतो हे त्यांना कळलं होतं. फिरतो कशातून हे कळलं नव्हतं. तो पाण्यातून फिरत होता.

पटकीत पाणी पाजलं तर ते पोटात टिकत नाही, तसंच निघून जातं. का? आपल्या आतड्याच्या आतल्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक दार मोठं नेमाचं आहे. एकट्या मिठाला ते आत घेत नाही, एकट्या साखरेलाही नाही. सत्यनारायणाला जोडीनं बसावं लागतं ना, तसं मीठ आणि साखर जोडीनं आली की ते उघडतं. आणि मीठ आत गेलं की त्याच्या मागून पाणी ओढलं जातं. पटकीचं विष काय करतं, तर शरीरातलं पाणी बाहेर सोडणारी मोरी सताड उघडतं. पण या जोडीच्या दाराला ते हात लावत नाही! एवढा मोठा वैरी, घर लुटताना एक दार विसरून गेला.

हे दार आहे हे शास्त्रज्ञांना १९६०च्या सुमाराला कळलं. पण ते दार खऱ्या अर्थानं उघडलं १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकी सुटली. तिथं डॉक्टर दिलीप महालनबीस होते. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधायला लावल्या, पिंपात पाणी कालवलं, नळ लावला आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. शंभरातली तीसेक माणसं जात होती तिथं चारपेक्षाही कमी जायला लागली.

आमच्या गावची बाई हे असं सांगायची: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावायची नाही. मग चाखून बघ, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर टाकून दे, पुन्हा कर. ज्या बायांना लिटर माहीत नव्हतं त्यांना आसवं माहीत होती.

झोप येतेय का कुणाला? थांबा मग, पाय दाखवतो. इकडं आणा बॅटरी. हा घोट्यावरचा वण. नाही, विंचू नाही. इथून नारू निघाला होता.

नारू म्हणजे एक किडा. सुतळीसारखा पांढरा, हातभराहून लांब, अगदी मीटरभरसुद्धा. तो माझ्या अंगात वर्षभर राहत होता आणि मला पत्ता नव्हता. किळस वाटते? वाटू दे. पण इतका हिशोबी जीव मी दुसरा पाहिला नाही.

आमची बारव तुम्ही पाहिली आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. आपलं चौंडी इथून हाकेच्या अंतरावर, अहिल्याबाईंचं जन्मगाव. त्यांनी देशभर विहिरी आणि बारवा बांधल्या, तहानलेल्याला पाण्यापर्यंत चालत जाता यावं म्हणून. दोर नको, रहाट नको, ओंजळीनं प्यावं. केवढी माया! आणि नारूला नेमकं हेच हवं होतं. यात बारवेचा दोष नाही, दोष पायाचा.

कसं ते बघा. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे पाणकिडे असतात. मिलिमीटरभर, कपाळावर एकच डोळा. ग्रीक गोष्टीत एकडोळ्या राक्षस आहे, त्याचं नाव या चिमुरड्याला दिलंय. नारूची पिल्लं पाण्यात सुटली की हा त्यांना खातो, आणि खाऊन फसतो, कारण ती पिल्लं त्याच्या पोटात मरत नाहीत, वाढतात. मग मी मे महिन्यात पोहायला बारवेत उतरतो, तहान लागते, ओंजळभर पितो. सायक्लॉप्स माझ्या जठरात मरतो, पिल्लू सुटतं, आतड्याची भिंत भेदून आत शिरतं. तीनेक महिन्यांत नर-मादी जुळतात. नर मरून जातो. मादी मांसातून, कातडीखालून हळूहळू खाली सरकत पायाकडं जाते. दुखत नाही, खाजत नाही, काही नाही. साधारण वर्ष झालं की तिच्या पोटात लाखो पिल्लं तयार असतात. आता त्यांना पाण्यात पोचवायचं कसं? ती तर माझ्या घोट्यात अडकलेली.

बघा, काय करते. ती कातडीला आतून एक फोड आणते आणि असा दाह करते, असा दाह, की निखारा ठेवलाय असं वाटावं. माणूस काय करणार? पाय पाण्यात घालणार! जवळ पाणी कुठलं? बारव. मीही तसाच लंगडत गेलो आणि शेवटच्या पायरीवर पाय बुडवून बसलो. काय गार वाटलं. फोड फुटला, मादीनं तोंड बाहेर काढलं आणि दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात सुटलं. तिनं मला चालवत तिथं नेलं होतं, आणि मी समजत होतो की मी माझ्या मर्जीनं गेलो.

आजोबांनी, म्हणजे माझ्या, तो किडा तुराटीच्या काडीवर गुंडाळला. रोज दोन बोटं, जास्त नाही. ओढला आणि तुटला की पाय सडायचा. तीन आठवडे मी काडी पायाला बांधून पडून होतो. ऐन पेरणीच्या तोंडाला घरात असे दोन-तीन पाय पडले की शेत पडीक. म्हणून नारू मारायचा कमी आणि उपाशी जास्त ठेवायचा.

आता याचं औषध सांगा. नाही. आजही नाही. लस? तीही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. देवीचं तसं नव्हतं. देवीला लस होती, देवी माणूस सोडून कुठल्या प्राण्यात लपत नव्हती, आणि होऊन गेली की पुन्हा होत नव्हती. मी मास्तर झालो तेव्हा शाळेत देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड दाखवायचे, असं कुणी दिसलं तर कळवा म्हणून. शेवटी शेवटी कळवणाऱ्याला हजार रुपये इनाम. माझा पगार किती होता ते विचारू नका. १९७५ साली देशातली शेवटची देवी गेली. दंडावरचे हे दोन वण तिच्या लशीचे.

नारूपाशी मात्र हात रिकामे. तरी तो हरला. कारण त्याची सगळी हुशारी एका अरुंद वाटेवर उभी होती. त्याला बारवेतच यावं लागे आणि सायक्लॉप्सच्या पोटातून, माणसाच्या ओंजळीतूनच जावं लागे. दुसरी वाट फारशी नव्हती. मग काय केलं? पाणी दुहेरी कापडातून गाळा. सायक्लॉप्स वर राहतो. जुन्या लुगड्याचं फडकं चालतं. नारू निघालेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका, त्याला तांब्यानं पाणी घाला. पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाका. पायऱ्या बंद करा, कठडा बांधून वरून पाणी शेंदा, नाहीतर हातपंप बसवा. देशात १९८३-८४ साली ही मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रासकट सात राज्यांत नारू होता. पहिल्या मोजणीत चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण सापडले. गावोगाव माणसं घरात शिरून पाय बघत हिंडली. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. एक गोळी नाही, एक सुई नाही. फडकं आणि पंप.

सगळीकडं असं सरळ झालं नाही, तेही ऐका. हिवतापाची मोहीम १९५३ला सुरू झाली, घराघरांत डीडीटी मारलं. १९६५च्या सुमाराला रुग्ण लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. फवारणी सैलावली, डासही डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाख. डासाला वाटा फार. गटार, टाकी, कूलर, तुझी ती गच्चीवरची फुटकी बादली.

अरेच्चा, उजाडलं की. आजी झोपली वाटतं, सटवाई येऊन गेली असेल. कागद कोराच आहे. नाही, थांबा, कोरा नाही. कुणीतरी बाळाचं लसीचं कार्ड त्याच्यावर ठेवलंय, पेनाखाली. दवाखान्यात दिलेल्या तीन लशींच्या तारखा भरल्यात, खाली सहाव्या आठवड्याचा रकाना रिकामा आहे.

चला, तोंडं धुवा. आजीला विचारून लोणच्याची मोकळी बरणी घ्या, काचेचीच. बारवेला जाऊ. जपून, पायऱ्या शेवाळल्यात. मी वरच बसतो, तू खाली जा, हात बुडव, बरणी भर. आण आता उजेडात. हलवू नकोस. दिसलं? ते पांढरे ठिपके, झटका देत उड्या मारतायत. भिंग लाव. हां, तोच. एकडोळ्या.

"आजोबा, याच्या पोटात नारू आहे?"

नाही रे. आता नाही.

"मग हा काय खातो?"

शेवाळ, बारीकसारीक जिवाणू. पूर्वीही तेच खायचा. ती पिल्लं त्याच्या ताटात आम्हीच वाढली होती. बघून झालं की ओत परत, हळूच. वरून नको, खाली जाऊन पाण्याजवळ ओत.